शिवेवरचा तांडा कुणी मोजायचा? ३१ डिसेंबरच्या आत दोन तालुके एकत्र बसतील का?

मांजराकाठ
५ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, विषय रुक्ष आहे. पण दिवस थोडे उरलेत म्हणून धागा काढतोय.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७. त्याआधी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर दरम्यान घरयादी, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. त्यासाठी जिल्हा, तालुका, गाव, नगरपालिका या सगळ्यांच्या हद्दी १ जानेवारी २०२६ ला गोठणार, त्या ३१ मार्च २०२७ पर्यंत. २०२१ ची जनगणना रखडली तेव्हा ही गोठवायची तारीखही वर्षानुवर्षं पुढं सरकत राहिली. त्यामुळं तहसिलातले लोक अजून "मिळेल की मुदतवाढ" म्हणायलेत. मला ते चिन्ह दिसत नाही.

आता मुद्दा. अहमदपूर आणि लोहा तालुक्यांच्या शिवेवर एक तांडा आहे. नाव देत नाही, उगीच गावात कालवा नको. मधून एक गल्ली जाते. गल्लीच्या उगवतीची घरं लोह्याकडच्या शिवारात, मावळतीची अहमदपूरकडच्या. म्हणजे नुसता तालुका नाही, जिल्हाच बदलतो. नळ तिकडच्या म्हणजे लोह्याकडच्या ग्रामपंचायतीचा, शाळा इकडची, अहमदपूरकडची. मतदान आणि रेशन जवळजवळ सगळ्यांचं इकडं. २०११ ला इकडचे गुरुजी म्हणाले हा तांडा तिकडचा, तिकडचे म्हणाले इकडचा. शेवटी कुणीतरी येऊन मावळतीची बाजू मोजून गेलं. उगवतीच्या बाजूचं काय झालं ते आजही कुणाला सांगता येत नाही.

दोन्ही ग्रामपंचायतींनी, दोन्ही तहसिलांनी एकत्र बसून हे मिटवावं असं माझं म्हणणं. वेगवेगळी निवेदनं दिली की दोन फायली दोन कपाटांत पडून राहतात. कुणाच्या भागात असं काही झालंय का?

नुसता_वाचक
५ डिसेंबर, रात्री १०:०२

वाचतोय. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

आडगावकर
५ डिसेंबर, रात्री १०:३१

एकत्र बसायचं म्हणजे कुणीतरी सोडायचं, बरोबर ना? आमच्याकडं असंच एक वस्तीचं प्रकरण आहे. वस्ती शेजारच्या गावात मोजली गेली तर आमची लोकसंख्या कमी, म्हणजे वित्त आयोगाचा निधी कमी, वॉर्डाचं आरक्षण हललं, उद्या सदस्यसंख्याही कमी. सरपंच कशाला सही करील? तुमचा विचार चांगला आहे, पण गावगाडा असा चालत नाही.

जुना_सज्जा
६ डिसेंबर, सकाळी ७:१५

महसुलात उभी हयात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इथं तीन वेगवेगळ्या रेषांचा घोळ होतोय.

पहिली रेष महसुली गावाची. ती बदलायची तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४. प्रारूप अधिसूचना, हरकती, सुनावणी, मग अंतिम अधिसूचना. तीन आठवड्यांत हे होत नसतं. ज्यांची फाईल आधीच मंत्रालयात पोचली आहे त्यांनीच आशा धरावी.

दुसरी रेष ग्रामपंचायतीची, १९५८ च्या अधिनियमातली. तीही गोठणार.

तिसरी रेष प्रगणन गटाची. एका प्रगणकाला, म्हणजे घरोघर जाऊन मोजणाऱ्याला, झेपेल एवढा तुकडा, साधारण ७००-८०० माणसांचा. ही रेष गोठत नाही. उलट पहिल्या दोन गोठल्यावरच ती आखायला बसतात, आणि आखतो तो चार्ज अधिकारी, म्हणजे त्या भागाच्या (चार्जच्या) मोजणीचा प्रमुख. ग्रामीण भागात तहसीलदार, नगरपालिकेत मुख्याधिकारी. सहा प्रगणकांवर एक पर्यवेक्षक.

तुमच्या तांड्याचं काम या तिसऱ्या रेषेत होण्यासारखं आहे. त्याला मंत्रालय लागत नाही. दोन तहसीलदार, दोन मंडळ अधिकारी आणि गाव नकाशा एवढं लागतं. शीव गल्लीतून जाते ना? मग गटाची रेषही गल्लीतूनच न्या. उगवतीचा गट लोह्याचा, मावळतीचा अहमदपूरचा. मात्र तांड्याचं नाव दोन्ही चार्जच्या नोंदवहीत वाडी-वस्ती म्हणून लिहिलं गेलं पाहिजे. नाव लिहिलं नाही तर प्रगणकाला तांडा आपल्या वाट्याला आहे हे कळायचा मार्गच नाही.

आडगावकर, तुम्हाला कुणी काही सोडायला सांगत नाही. जनगणनेत माणूस जिथं राहतो तिथं मोजला जातो, मतदान कुठं करतो त्यावर नाही. ज्या शिवारात घर उभं आहे ते गाव. यात सरपंचाच्या सहीनं फरक पडत नसतो.

आडगावकर
६ डिसेंबर, सकाळी ८:०५

नियम ठाऊक आहे सज्जाबापू. पण मागच्या वेळी आमच्या वस्तीचे लोक मोजले गेले ते मतदार यादी हातात घेऊन. कोण शिवेवर जाऊन दगड बघतं?

जुना_सज्जा
६ डिसेंबर, सकाळी ८:२०

तेच चुकलं. आणि म्हणूनच शेजारचे दोन पर्यवेक्षक एका दिवशी, एका वेळी शिवेवर यायला हवेत. एकटा गेला की तो स्वतःच्या सोयीची शीव ठरवतो.

गोदाकाठची
६ डिसेंबर, दुपारी २:५०

मी शिक्षिका आहे, २०११ ला प्रगणक होते. नजरी नकाशा हा प्रकार ज्यांनी काढलाय त्यांनाच त्याची गंमत कळेल. आधी उत्तर दिशा ठरवायची. मग रस्ता, देऊळ, हातपंप, ओढा अशा खुणा. मग घरं. पक्कं घर चौकोन, कच्चं घर त्रिकोण, राहायला वापरत नसतील तर आत रेघोट्या. वायव्य कोपऱ्यातून क्रमांक घालायला सुरुवात, आणि नागमोडी जाताना एकही घर सुटता कामा नये. आमच्या गावात ते जमलं. पण गोदावरीच्या काठानं मळ्यात राहणारी कुटुंबं होती, एकेक घर लांब लांब. त्यांच्यासाठी कागद पुरेना. मी तिथं बाण काढून "मळ्यातील घरे" असं लिहिलं आणि पाठीमागच्या कोऱ्या पानावर वेगळा तुकडा काढला.

पलीकडच्या गावच्या बाई माझ्या ओळखीच्या. आम्ही दोघींनी फोनवर ठरवून टाकलं होतं की पिंपळाच्या अलीकडचं माझं, पलीकडचं त्यांचं. वरून असा काही आदेश नव्हता. पिंपळ म्हणजे काही हद्दीचा दगड नव्हे हे मलाही कळतं, पण घर सुटलं नाही आणि दोनदा आलं नाही एवढं खरं.

यंदा मोबाईल ॲप आहे, इमारतीचं ठिकाण नकाशावर टिपलं जाणार आहे. गटही संगणकावरच्या नकाशावर आखणार म्हणतात. चांगलंच आहे. पण उपग्रहाच्या चित्रात शीव दिसत नाही. दिसतात ती पत्र्याची छपरं आणि पांढरा रस्ता.

बालाघाटी
६ डिसेंबर, रात्री ११:१०

तुम्ही गल्लीत अडकलात. आमच्याकडं अख्खं गावच जागेवर नसतं.

पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, आष्टी हा बीडचा डोंगरपट्टा बघा. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरून कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पार बेळगावच्या कारखान्यांपर्यंत. परत येतात गुढीपाडव्याच्या आसपास. आता तारखा लावा. घरयादी एप्रिलनंतर, तेव्हा माणसं घरी. दार उघडं, चूल पेटलेली, पोरं अंगणात. प्रगणक लिहिणार इतकी घरं, इतकी माणसं. त्याच घरयादीवरून फेब्रुवारीचे गट पक्के होणार. आणि फेब्रुवारीत प्रगणक आला की दाराला कुलूप. ओसरीवर म्हातारी आणि शाळेतली दोन नातवंडं.

नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात माणूस जिथं असेल तिथं मोजायचा. म्हणजे आमची माणसं फडातल्या कोप्यांत मोजली जायला हवीत. २०११ ला मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी होती, म्हणजे ऐन हंगामात. कोपी ही पाचटाची, उसाच्या फडाशेजारी, फड संपला की उचलून दुसऱ्या शिवारात. तिकडच्या प्रगणकाच्या नकाशात ती जागा मोकळं रान म्हणून आहे. तो कशाला जाईल रानात?

म्हणून मला वाटतं एकत्र बसायचं असेल तर नुसतं शेजारच्या गावानं नाही. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कोल्हापूर-सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांबरोबर बसायला पाहिजे. कुठल्या कारखान्यावर कुठल्या टोळ्या आहेत ही यादी कारखान्याच्या शेतकी खात्याकडं असतेच, मुकादमाकडं तर असतेच असते. ती यादी तिथल्या चार्ज अधिकाऱ्याला दिली आणि कोप्यांच्या तळांसाठी वेगळा प्रगणक नेमला की झालं. नाहीतर आमचा तालुका पुढची दहा वर्षं कागदावर रिकामाच दिसणार, आणि जिथं मोजायला हवं होतं तिथंही माणसं सापडणार नाहीत.

गोदाकाठची
६ डिसेंबर, रात्री ११:३२

+१. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा.

आडगावकर
७ डिसेंबर, सकाळी ७:४०

पण बालाघाटी, मग तुमची लोकसंख्या कोल्हापूरला जाईल की! आरोग्य उपकेंद्र ५,००० ला एक, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ला एक. माणसं तिकडं मोजली तर दवाखानाही तिकडंच.

बालाघाटी
७ डिसेंबर, सकाळी ९:१२

जाईल ना. ते दुखणं आहेच, नाकारत नाही. पण आत्ता काय होतंय? ना इथं, ना तिथं. मला विचाराल तर कुठंतरी मोजले गेलेले बरे. शिवाय स्थलांतराच्या तक्त्यात "मागचं राहण्याचं ठिकाण बीड" असं उमटलं तर त्या आकड्यावर पुढं भांडता येतं. कुठं लिहिलाच नाही तर त्या माणसासाठी कुणाशी आणि कशावर भांडायचं?

टेक्सासचा_परभणीकर
७ डिसेंबर, दुपारी १२:०५

इकडची पद्धत सांगतो, कामाला आली तर घ्या. अमेरिकेत शहरांच्या, काउंटीच्या कायदेशीर हद्दींची विचारणा जनगणना खातं दर वर्षी करतं. शिवाय आकडे प्रसिद्ध करायला जे ट्रॅक्ट नावाचे तुकडे असतात, त्यांच्या रेषा दर दहा वर्षांनी जनगणनेच्या आधी स्थानिक लोकांकडून तपासून घेतात. ट्रॅक्ट १,२०० ते ८,००० लोकांचा, साधारण ४,००० धरून चालतात. तपासणीचं हे काम बऱ्याच ठिकाणी प्रादेशिक मंडळ अंगावर घेतं. इथं टेक्सासात अशी २४ मंडळं आहेत, प्रत्येकात अनेक काउंट्या आणि शहरं. त्यामुळं दोन शेजारी गावांनी दोन वेगवेगळे नकाशे पाठवले असं सहसा होत नाही.

मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. वस्ती वाढली की ट्रॅक्ट फोडतात, पण बाहेरची रेष शक्यतो तीच ठेवतात. म्हणजे दोन तुकड्यांची बेरीज केली की जुना आकडा मिळतो. आपल्याकडं गटांच्या बाबतीत हे पाळलं गेलं तर केवढी सोय होईल.

जुना_सज्जा
७ डिसेंबर, दुपारी १२:४०

छान आहे, पण आपल्याकडं गटाचे आकडे लोकांसाठी छापलेच जात नाहीत. गावाचे आणि शहरी वॉर्डाचे छापतात. त्यामुळं तुलना करायची ती गावाचीच. म्हणून तर गावाची रेष महत्त्वाची.

ज्वारीची_भाकर
७ डिसेंबर, संध्याकाळी ६:१८

थोडं अवांतर, पण मराठवाड्याला रेषा बदलण्याची सवय आहे म्हणून.

१९५१ ची जनगणना झाली तेव्हा आपण हैदराबाद राज्यात, पाच जिल्हे. १९५६ ला राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर, निलंगा बिदर जिल्ह्यातून सुटून उस्मानाबादेत आले. किनवट आदिलाबादहून नांदेडला आलं, आणि नांदेडचा मुधोळ तिकडं गेला. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्या वर्षीची जनगणना १ मार्चची! दोन महिन्यांनी हुकलं, आणि १९८१ च्या मूळ तक्त्यांत जालना जिल्हा म्हणून सापडत नाही. लातूर १९८२ चा, म्हणजे त्याचंही तेच. हिंगोली मात्र १ मे १९९९ ला झाला, त्यामुळं २००१ ला व्यवस्थित वेगळा आला. देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ हे तालुकेही त्याच १९९९ चे.

जनगणना खातं नंतर जुने आकडे नव्या हद्दीप्रमाणे जुळवून देतं. १९०१ पासूनची दशवार्षिक वाढ असा एक तक्ता असतो. पण तो जिल्ह्याचा. गावाच्या पातळीवर ज्याचं त्यानं निस्तरायचं.

लातूर आणि परभणी महापालिका झाल्या त्याही २०११ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जनगणना उरकल्यावर. तेव्हा २०११ च्या तक्त्यांत या दोन्ही नगरपालिका आहेत. आणि चाकूर, रेणापूर, बदनापूर, मंठा, सेनगाव, पालम ही आताची नगरपंचायतीची गावं तेव्हा ग्रामपंचायती. पुढच्या वेळी "शहरी लोकसंख्या वाढली" अशी बातमी येईल तेव्हा हे आठवा. त्यातले बरेचसे लोक आपल्या जागेवरून हललेले नाहीत, पाटी बदलली आहे.

खडकीकर
७ डिसेंबर, रात्री ९:२७

आमच्या संभाजीनगरजवळच्या वाळूजचं उलटं आहे. पाटी बदललीच नाही. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर, एकाला एक चिकटलेली. कामगारांच्या खोल्या, चार-चार मजली इमारती, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. जनगणनेच्या हिशेबात शहर धरायला तीन अटी: लोकसंख्या ५,०००, चौरस किलोमीटरला ४००, आणि कामकरी पुरुषांतले ७५ टक्के शेतीबाहेर. या अटी इथं हसत हसत पुऱ्या होतात. पण जनगणना शहर म्हटलं म्हणून नगरपालिका मिळत नाही, नावापुरतं शहर. तिकडं सातारा-देवळाई २०११ ला शहराबाहेर होतं, आता महापालिकेत.

इथं प्रश्न शिवेचा नाही, वेगाचा आहे. ७०० माणसांचा गट कागदावर आखून होईपर्यंत त्यात नवी इमारत उभी राहते. एका खोलीत तीन पाळ्यांचे सहा जण. प्रगणक दुपारी गेला तर दोघं झोपलेले, दोघं कामावर, उरलेले दोघं कुणाचे कोण हे खोलीमालकालाही माहीत नसतं.

तेरणेचा_पोर
८ डिसेंबर, सकाळी १०:०६

भूकंपग्रस्त गावांचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ नंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. जमीन जिथं मिळाली तिथं घेतली, त्यात शेजारच्या गावचा शिवार आला तर आला. आमच्या गावाच्या नव्या वसाहतीतल्या कडेच्या ओळी कागदावर शेजारच्या गावात आहेत. रस्ते रुंद, घरं लांब लांब, कुठं कुणाचं गाव संपलं हे नव्या माणसाला कळणं अशक्य. त्यात काहींनी वाढत्या कुटुंबासाठी जुन्या गावठाणाजवळच्या शेतात पुन्हा घरं बांधलीत.

तरी आमच्याकडं वाद होत नाही. कारण दोन्ही गावचे ग्रामसेवक बरीच वर्षं एकच होते. घरपट्टीच्या नमुना ८ मध्ये त्यांनी प्रत्येक घरापुढं जमिनीचा गट नंबर लिहून ठेवला होता. प्रगणक आला की ती यादी हातात द्यायचे. एवढ्या एका कामानं सगळं सुरळीत झालं. मांजराकाठ, तुमच्या तांड्याला घरागणिक गट नंबर आहे का ते आधी बघा.

मांजराकाठ
१३ डिसेंबर, रात्री ८:५५

उशीर झाला, माफ करा. नगरपालिकांच्या निवडणुकीमुळं तहसिलात कुणी भेटत नव्हतं.

तेरणेचा पोर, तुमची सूचना लाख मोलाची निघाली. इकडच्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये गट नंबर आहेत. तिकडच्या ग्रामपंचायतीत नुसती नावं, त्यातही एकाच नावाचे चार राठोड. तांड्याच्या नायकाला घेऊन उगवतीच्या घरांची यादी करायला बसलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, दोन्हीकडं लिहा, एकीकडून तर मिळंल." त्यांना समजावता समजावता माझाच घसा बसला. दोनदा मोजलं तर पकडलं जाईल हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी तांड्याचं नाव दोन्ही नोंदवह्यांत येईल म्हटल्यावर तयार झाले.

काल केंद्रीय मंत्रिमंडळानं जनगणनेसाठी ११,७१८ कोटी मंजूर केल्याची बातमी आली. आता मुदतवाढीची आशा सोडा.

दोन्ही तहसीलदारांना एकच संयुक्त पत्र द्यायचं ठरलंय. मसुदा असा: "तांड्याची हद्द निश्चित करून तो एकाच गावात समाविष्ट करण्यात यावा, अन्यथा ग्रामस्थ जनगणनेवर बहिष्कार टाकतील." काही सुचवा.

जुना_सज्जा
१३ डिसेंबर, रात्री ९:३०

दोन्ही वाक्यं काढा. "समाविष्ट" हा शब्द दिसला की ते पत्र हद्दबदलाच्या फायलीत जातं आणि "मुदत संपली" असा शेरा मारून बंद होतं. बहिष्काराचं तर नावच घेऊ नका, नुकसान तांड्याचंच.

असं लिहा: गाव नकाशाप्रमाणे शीव अमुक गट नंबर आणि तमुक गट नंबर यांमधून जाते. शिवेच्या दोन्ही बाजूंना तांड्याची घरं आहेत. घरागणिक गट नंबरची यादी सोबत. दोन्ही चार्जच्या नोंदवहीत तांड्याच्या नावाची नोंद व्हावी, गट आखताना सदर गल्ली ही सामाईक रेष धरावी आणि घरयादीपूर्वी दोन्ही पर्यवेक्षकांची संयुक्त स्थळपाहणी व्हावी.

प्रत दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना, प्रमुख जनगणना अधिकारी म्हणून. आणि एक विभागीय आयुक्तांना, कारण लातूर-नांदेड दोघांचं आयुक्तालय एकच. पोचपावतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आडगावकर
१३ डिसेंबर, रात्री १०:१४

यादीवर दोन्ही सरपंचांच्या सह्या घेणार का?

मांजराकाठ
१३ डिसेंबर, रात्री १०:२०

घेणार. तिकडचे तयार आहेत. आमचे म्हणतात आधी नळाची थकलेली पट्टी कुणी भरायची ते ठरवा, मग सही.

आडगावकर
१३ डिसेंबर, रात्री १०:२३

म्हटलं होतं ना.

जुना_सज्जा
१४ डिसेंबर, सकाळी ६:५०

सरपंचाची सही नसली तरी अडत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा आणि तलाठ्याचा शिक्का घ्या, दोघंही आपापल्या दप्तराला बांधील आहेत. पट्टीचं भांडण चालू द्या, ते गावात पाहिजेच.